अश्वगंधा: कुंडीतल्या बियापासून रात्रीच्या दुधापर्यंत

अश्वगंधेचे ओले मूळ जमिनीतून काढले की हाताला एक वास लागतो. मातीचा नाही, पाल्याचाही नाही. घोड्याच्या अंगाला घामेजल्यावर येतो तसा उग्र, जनावराचा वास. हात दोनदा साबणाने धुतले तरी नखांच्या कडेला तो संध्याकाळपर्यंत रेंगाळतो. नाव त्यावरूनच पडले: अश्व आणि गंध. ज्यांनी आजवर फक्त डबीतले चूर्ण पाहिले आहे त्यांना हा वास माहीत नसतो. माझे म्हणणे असे की ज्याला अश्वगंधा घ्यायची आहे त्याने एकदा तरी ती स्वतः लावावी, खणावी आणि वाळवावी. खरे मूळ हाताळले की विकतच्या चूर्णाकडे बघण्याची नजर बदलते, आणि एवढ्या मेहनतीने मिळालेल्या चिमूटभर औषधाशी माणूस जपून वागतो.

गच्चीत दोन-चार कुंड्या ठेवणाऱ्यांसाठी आणि घरामागे गुंठा-दोन गुंठे जागा असणाऱ्यांसाठी मी हे लिहिते आहे. मोठ्या शेतीचे दोन शब्द मध्ये येतील, तेवढेच.

आधी ओळख पटवा

अश्वगंधा वांग्याच्या कुळातली. टोमॅटो, मिरची, बटाटा हे तिचे भाऊबंद, आणि तंबाखू व धोत्राही त्याच घरातले. एकाच कुळात रोजची भाजी आणि जीवघेणे विष नांदते, म्हणून या कुळातले कुठलेही झाड "औषधी आहे म्हणे" एवढ्या ऐकीव माहितीवर तोंडात घालायचे नाही. शास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा. सोम्निफेरा म्हणजे झोप आणणारी. आपल्याकडे आस्कंद आणि ढोरगुंज ही नावेही चालतात.

झुडूप कमरेएवढे, क्वचित त्याहून थोडे उंच होते. खोडावर आणि पानांवर बारीक करडी लव असते. पानावरून अंगठा फिरवला तर जुन्या सुती कापडासारखे मऊ लागते. फुले अगदी लहान, हिरवट पिवळी, पानांच्या बेचक्यात घोळक्याने येतात आणि लक्ष दिले नाही तर दिसतही नाहीत. खरी खूण फळाची. फूल गळल्यावर हिरवा पुष्पकोश फुगतो आणि कागदी कंदिलासारखा फळाला झाकून टाकतो. कंदील वाळून तपकिरी झाला की आत वाटाण्याएवढे लालबुंद फळ सापडते.

इथेच नवख्याची गल्लत होते, कारण पावसाळ्यात उगवणाऱ्या चिरबोटीलाही असाच कंदील असतो. फरक सोपा आहे. चिरबोटीचे कंदील मोठे असतात, एकेकटे लोंबतात आणि फळ पिकल्यावर पिवळट होते. अश्वगंधेचे कंदील लहान, खोडाला चिकटून झुबक्याने असतात आणि फळ लाल होते. चिरबोटीचे रोप पावसाळ्यानंतर मरते, अश्वगंधा उन्हाळ्यातही तग धरते.

गावाबाहेर, पडक्या भिंतींपाशी, कोरड्या माळावर ढोरगुंज आपोआप उगवलेली दिसते. ती खणून आणू नका. रानातले झुडूप अनेक वर्षांचे असते, त्याचे मूळ लाकडासारखे चिवट होते. औषधी बाजारात जे मूळ चालते ते एका हंगामात घेतलेल्या लागवडीचे असते: सरळ, पिठूळ, सहज मोडणारे. राजस्थानातल्या नागौरवरून त्याला नागोरी आस्कंद म्हणत आले आहेत. आज मध्य प्रदेशातल्या नीमच आणि मंदसौर जिल्ह्यांत ते सर्वांत जास्त पिकते, आणि नीमचच्या मंडीत त्याचे मोठे सौदे होतात.

बी आणि वेळ

बी ताजे हवे, मागच्याच हंगामातले. जुन्या बियांची उगवण झपाट्याने कमी होते, आणि पाकिटावरची तारीख न बघता घेतलेले बी हेच बहुतेकांच्या पहिल्या अपयशाचे कारण असते. वाणांची नावे विचारून घ्या: जवाहर आस्कंद-२०, जवाहर आस्कंद-१३४, पोषिता, रक्षिता. कुंडीसाठी कुठलाही चालेल, पण नाव सांगता न येणाऱ्याकडून बी घेऊ नका. महाराष्ट्रात विचारपूस करायची तर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात औषधी वनस्पतींचे उद्यान आहे, तिथून सुरुवात करावी.

पेरणीआधी वीस दाणे मोजून ओल्या कापडात गुंडाळून ठेवा. दहा दिवसांत निम्म्याहून कमी दाण्यांना मोड आले तर ते बी टाकून द्या आणि वेळ वाचवा.

गादीवाफ्यावर किंवा ट्रेमध्ये रोपे करायची असतील तर मृग-आर्द्राचा पाऊस स्थिरावल्यावर, म्हणजे जूनच्या शेवटी. थेट पेरायचे असेल तर जुलैचा दुसरा पंधरवडा ते ऑगस्टची सुरुवात, पुष्य-आश्लेषाच्या दरम्यान, पावसाचा जोर ओसरला की. बी रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी निथळून कोरड्या वाळूत मिसळा आणि पसरा. दाणे इतके बारीक असतात की वाळूशिवाय एका जागी ढीग होतो. वर अर्ध्या बोटाच्या जाडीएवढी बारीक माती, त्याहून जास्त नको. सात ते दहा दिवसांत दोन पाती दिसतात.

कुंडी रुंदीपेक्षा खोलीला महत्त्व देऊन निवडा. निदान सव्वा फूट खोल हवी. मी पहिल्या वर्षी तुळशीच्या उथळ कुंड्या वापरल्या आणि जानेवारीत रोप उलटे केले तेव्हा मूळ तळाला आपटून चकलीसारखे वळलेले निघाले. औषध म्हणून ते वाईट नव्हते, पण स्वच्छ होईना, त्याच्या वेटोळ्यांतली माती काढताना अर्धे तुटले. माती अशी करा: दोन भाग साधी माती, एक भाग जाड वाळू, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत. काळी चिकण माती असेल तर वाळू दुप्पट.

पाणी: इथेच सगळे बिघडते

अश्वगंधेला लाड सोसत नाहीत. हे वाक्य मी कुंडीवर चिकटवून ठेवावे असे मला कैकदा वाटले आहे.

पहिल्या वर्षी चाळीसेक रोपे छान उगवली. चार चार पानांवर आली आणि मी रोज सकाळी झारीने पाणी घालत राहिले, आभाळ भरून आलेले असतानाही. एका सकाळी सात-आठ रोपांनी मान टाकली होती. देठ मातीलगत पाणथळ, काळपट, दोऱ्यासारखा बारीक झालेला. दुसऱ्या दिवशी निम्मी गेली. रोपांच्या कोलमडण्याचा हा रोग बुरशीजन्य आहे आणि त्याला बोलावणारी मीच होते. मातीत हवा शिरायला जागा ठेवली असती तर ती रोपे वाचली असती.

नंतरच्या वर्षी उलट चूक केली. रोपे वाचवली आणि ऑक्टोबरनंतरही भरपूर पाणी दिले, वर दर पंधरा दिवसांनी शेणपाणी. झुडूप बघणाऱ्याला हेवा वाटावा असे गर्द झाले, पण खणल्यावर हातात आले काय, तर काट्यासारखी चार फाट्यांची बारकी मुळे. मग लक्षात आले ते असे: पावसाळ्यात हे झाड वर वाढते, आणि पाऊस संपून जमीन कोरडी होऊ लागली, रात्री थंड झाल्या, की पुढच्या बिकट दिवसांची शिदोरी म्हणून मुळात साठा करते. आपल्याला हवे आहे ते नेमके हे साठवलेले. पाणी आणि नत्र देत राहिलो तर झाडाला साठवण्याची गरजच वाटत नाही, ते पानेच काढत बसते. नीमचकडचे शेतकरी हे पीक जवळजवळ पावसाच्या भरवशावर घेतात, नंतर एखाद-दुसरे पाणी देतात, ते उगीच नव्हे.

म्हणून क्रम असा ठेवा. पावसात कुंडी आडोशाला घ्या आणि तळाची भोके मोकळी आहेत का ते बघा. रोप वीतभर झाले की मातीत दोन बोटे घालून बघायची, कोरडे लागले तरच पाणी. हस्ताचा पाऊस गेल्यावर पाच-सहा दिवसांनी एकदा. डिसेंबर उजाडला की आणखी हात आखडता घ्या, दुपारी पाने थोडी मलूल दिसली तरी संध्याकाळी सावरत असतील तर पाणी देऊ नका. खत कुंडी भरताना दिले तेवढेच.

पेरून महिना झाला की विरळणी करा. एका कुंडीत एकच दणकट रोप ठेवा. जमिनीत दोन ओळींत फूटभर आणि दोन रोपांत वीतभर अंतर पुरते. उपटलेली रोपे दुसरीकडे लावण्याचा मोह होतो, पण या वयात सोटमूळ दुखावले की ते पुढे फाटे फोडते.

किडींत त्रास एकाचाच फार: वांग्यावर येतो तोच पिवळट तांबूस, २८ काळ्या ठिपक्यांचा भुंगा. तो आणि त्याच्या काटेरी पिवळ्या अळ्या पानातला हिरवा भाग खरवडतात, पान जाळीसारखे उरते. सकाळी थंडीत ते सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. जास्त झाले तर ५ टक्के निंबोळी अर्क. रासायनिक फवारा मारू नका. मूळ खायचे आहे. आणि ज्या मातीत आदल्या हंगामात वांगी, टोमॅटो, मिरची किंवा बटाटा होता ती माती अश्वगंधेला देऊ नका, कारण मुळांवर गाठी आणणारे सूत्रकृमी या सगळ्या भाऊबंदांना सारखेच गाठतात.

काढणी आणि वाळवण

पेरणीपासून १५० ते १८० दिवस. जुलैत पेरले तर जानेवारी-फेब्रुवारी. पण दिवस मोजण्यापेक्षा झाडाकडे बघा. खालची पाने पिवळी पडून गळू लागली, कंदील वाळले आणि आतली फळे लाल झाली की मूळ तयार. लवकर काढले तर मूळ पाणचट निघते आणि वाळल्यावर चिपाड होते. फार उशीर केला तर लाकूड होते.

आदल्या दिवशी हलके पाणी द्या. जमिनीत असेल तर वाफसा आल्यावर, म्हणजे माती ओली पण हाताला चिकटत नाही अशा वेळी, झाडापासून वीतभर दूर कुदळ घालून खालून सैल करा. ओढू नका, सोटमुळाचे टोक तुटून आतच राहते. कुंडी असेल तर आडवी करून सगळा गोळाच बाहेर काढा.

बियांसाठी चांगली लाल फळे याच वेळी वेगळी करा. मग बुडख्याच्या एक-दोन सेंटिमीटर वर खोड कापून टाका. मूळ वाहत्या पाण्याखाली ब्रशने घासून लगेच निथळा, बादलीत भिजत ठेवू नका. आता सात ते दहा सेंटिमीटरचे तुकडे करा. जाड तुकडे एकीकडे, दोऱ्यासारखी उपमुळे एकीकडे, कारण बारीक आधी वाळतात आणि जाडांच्या संगतीत करपतात. सुती कापडावर एकेरी पसरा, पहिले दोन दिवस सकाळचे कोवळे ऊन दाखवा, मग हवेशीर सावली. रोज एकदा उलटसुलट करा, रात्री घरात घ्या, कारण दव पडले की बुरशी धरते.

वाळले की नाही हे ओळखायचे असे. जाडातला जाड तुकडा दोन्ही हातांत धरून मोडा. वाकला तर अजून ओल आहे. कट् आवाज होऊन सरळ मोडला आणि आत पांढरे, खडूसारखे पीठ दिसले तर झाले. बाजारात याच पांढरेपणावर आणि जाडीवर प्रत ठरते: बोटाएवढे जाड, सात सेंटिमीटरपर्यंत लांब, भरीव आणि आतून पांढरे ते पहिल्या प्रतीचे, आणि पोकळ, पिवळट, तुटके ते सगळ्यात खालचे.

शेतावर चांगले पीक आले तर हेक्टरी ३ ते ५ क्विंटल वाळलेले मूळ मिळते. फोकून पेरायला हेक्टरी १० ते १२ किलो बी लागते. मोठ्या प्रमाणावर करायचे असेल तर आधी खरेदीदार पक्का करा, मग बी आणा. कुंडीचे गणित वेगळे आहे. एका झाडाचे वाळलेले मूळ तळहातावर मावते. चार कुंड्यांनी घराचे वर्ष निघणार नाही, आणि ती अपेक्षाही ठेवू नये.

चूर्ण

तुकडे खलबत्त्यात ठेचून मग मिक्सरला लावा आणि पातळ कापडातून गाळा. आयुर्वेदात याला वस्त्रगाळ चूर्ण म्हणतात. रंग फिकट बदामी येतो, चव कडसर तुरट, वास तोच, फक्त मवाळ झालेला. एकदम सगळे दळू नका. जुन्या वैद्यकाच्या नियमाने चूर्णाचा गुण दोन महिन्यांनी उतरतो, आणि मूळ पिठूळ असल्याने पोरकिडे फार लवकर लागतात. तुकडे काचेच्या बरणीत, चूर्ण महिन्यापुरते.

विकत घ्यायचे असले तरी मी अख्खे मूळच घ्यायला सांगेन. भुकटीत पाने आणि खोड दळून घातलेले डोळ्यांना चटकन कळत नाही. हिरवट झाक आणि जिभेवर रेंगाळणारा कडूपणा असेल तर ती डबी परत करा.

घ्यायचे कसे

चरकसंहितेत अश्वगंधा बल्य आणि बृंहणीय गणांत आहे, म्हणजे ताकद देणारी आणि अंग भरणारी. आजारातून उठलेला, खंगलेला, झोप उडालेला माणूस हा तिचा मूळ रुग्ण. आयुर्वेदीय औषधिकोशात मुळाच्या चूर्णाची मात्रा दिवसाला ३ ते ६ ग्रॅम आहे. नवख्याने तिथून सुरुवात करू नये. पहिला आठवडा १ ग्रॅम, रात्री जेवणानंतर कोमट दुधातून. पोट बिघडले नाही, सकाळी जड वाटले नाही, तरच ३ ग्रॅमपर्यंत जा. त्यापुढे वैद्यांना विचारून.

मला सर्वांत आवडतो तो क्षीरपाक. प्रमाण ठरलेले आहे: औषध एक भाग, दूध आठ भाग, पाणी बत्तीस भाग. म्हणजे ३ ग्रॅम जाडसर भरडीला २४ मिलिलिटर दूध आणि ९६ मिलिलिटर पाणी. जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. आधी घोड्याचा वास घरभर होतो. पाणी आटत आले की तो मावळतो आणि खमंग, भाजलेल्या कणकेच्या जवळचा वास येऊ लागतो. दुधाएवढेच उरले की उतरवा, गाळा, हवी तर खडीसाखर. नुसत्या दुधात चूर्ण कालवून पिण्यापेक्षा हे पोटाला हलके जाते. घाई असेल तर अर्धा चमचा तूप घेऊन त्यात आपल्या मात्रेएवढे चूर्ण कालवून चाटले तरी चालते.

आधुनिक चाचण्यांचे म्हणाल तर, २०१२ मध्ये भारतातल्या एका मानसोपचार नियतकालिकात आलेल्या अभ्यासात ताण असलेल्या ६४ जणांपैकी काहींना मुळाचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, ६० दिवस दिला. नकली गोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचा ताण आणि रक्तातले कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचे संप्रेरक, दोन्ही उतरले. झोपेवरही असे छोटे अभ्यास आहेत. त्यातून दोन गोष्टी घ्या. एक, परिणाम दिसायला आठवडे लागतात, दोन रात्रींत काही होत नाही. दोन, हे अभ्यास दोन-तीन महिन्यांचे असतात, म्हणून तेवढे घेऊन थांबावे. वर्षानुवर्षे घेत राहण्याला आधार नाही.

कॅप्सूल घेणार असाल तर अर्काची आणि चूर्णाची मात्रा एकच समजू नका. ३०० मिलिग्रॅम अर्क म्हणजे कितीतरी जास्त मुळाचे सार. लेबलवर "फक्त मूळ" असे लिहिले आहे का आणि विथॅनोलाइड्स, म्हणजे अश्वगंधेतली गुणकारी द्रव्ये, किती टक्के आहेत ते वाचा.

पानांचे वेगळे सांगायला हवे. वजन उतरते म्हणून रोज पाने चावून खाण्याची टूम निघालेली आहे. पानांत विथाफेरिन-ए हे पेशींना मारक द्रव्य मुळापेक्षा बरेच जास्त असते. २०२१ मध्ये आयुष मंत्रालयानेही उत्पादकांना पाने वापरू नयेत असे कळवले होते. पाने वाटून सुजेवर बाहेरून लेप लावणे ही जुनी रीत आहे, ती ठीक. पोटात नको.

कोणी घेऊ नये

हा भाग कृपा करून पूर्ण वाचा.

गरोदरपणात नाही, अंगावर पाजणाऱ्या आईने नाही. थायरॉइडचा आजार असेल तर नाही, कारण अश्वगंधेने थायरॉइडची संप्रेरके वाढू शकतात. माझ्या आत्याची गोळी कित्येक वर्षे चालू आहे. गुडघ्यांसाठी तिला माझे चूर्ण हवे होते, मी तिला आधी डॉक्टरांना विचारायला लावले, आणि ती बरणी तशीच माझ्याकडे परत आली. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर किंवा दाब गरजेपेक्षा खाली जाऊ शकतो. झोपेच्या आणि फिटच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढते. संधिवाताभ (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस), ल्युपस यांसारखे स्वप्रतिकार आजार, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते असे आजार, असतील किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे चालू असतील तर दूर राहा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर निदान दोन आठवडे आधी बंद करा आणि भूलतज्ज्ञांना सांगा.

यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही वेगवेगळ्या देशांत झाल्या आहेत. संख्येने थोड्या, पण खऱ्या. अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, अन्नावरची वासना गेली, तर त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांकडे जा आणि अश्वगंधा घेत होतो हे न लपवता सांगा. यकृताचा आजार आधीच असेल तर सुरूच करू नका. डेन्मार्कने २०२३ मध्ये संप्रेरकांवरच्या आणि गर्भावरच्या परिणामांच्या भीतीने तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे इतकी शतके वापर आहे म्हणून मला बंदी पटत नाही, पण त्यांनी मांडलेली भीती मी हसण्यावारी नेत नाही.

पुढच्या वर्षीचे बी

काढणीच्या दिवशी बाजूला ठेवलेली लाल फळे वाटीभर पाण्यात हाताने कुस्करा. गर आणि साली वर येतात, भरलेले बी तळाला बसते. वरचे पाणी तीन-चार वेळा ओता, बी वर्तमानपत्रावर सावलीत आठवडाभर वाळवा. पिवळट, मूत्रपिंडाच्या आकाराचे चपटे दाणे मिळतील. कागदी पुडीत भरा, वर वाणाचे नाव आणि महिना लिहा, आणि पुडी धान्याच्या डब्याशेजारी कोरड्या जागी ठेवा. जूनमध्ये उघडायची आहे.